बाबांचं 'काऊन'

आठव्या दिवशी सकाळी ओल्या कागदाची पहिली गुंडाळी टेबलावर उलगडली आणि आतून सोयाबीनचा कच्चा, हिरवट, किंचित दुधाळ वास आला. दहा-दहाच्या पाच ओळी, पन्नास दाणे. बहुतेकांना मोड आलेले. पांढरी मुळं, त्यांच्यावर डोळे ताणून पाहिलं तरच दिसणारी लव, वर वाकलेल्या माना. मी आनंदाने मोजत सुटले. मोड दिसला की बोट पुढे, बाबा घरी गोणपाटावर मोजतात तसंच. शेजारी एक ताई बसल्या होत्या. माझं जेवढं वय तेवढी वर्षं त्यांनी या खोलीत काढली आहेत. त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "उगवलेले मोजू नको. झाड होणारे मोज."

मग चिमट्याने एकेक रोप उचलून त्या दाखवत गेल्या. हे बघ, मोड आहे, पण मुख्य मूळ खुंटलं, टोक तपकिरी पडलं. ह्याची दोन्ही दलं अर्ध्यातून तुटली. ह्याच्या मानेला आडवी चीर. हे स्वतःभोवतीच गोल फिरून बसलंय. सगळ्यांना मोड आहेत आणि यातलं एकही माती फोडून वर येणार नाही. समोरच्या रजिस्टरात पाच रकाने होते. सामान्य रोप, विकृत रोप, कठीण दाणा, ताजा पण न उगवलेला दाणा, मेलेला दाणा. उगवणशक्तीचा टक्का काढायचा तो फक्त पहिल्या रकान्यावरून.

दुसऱ्या रकान्याकडे बघत मी कितीतरी वेळ उभी राहिले. अंगावर काटा आला होता, खरंच आला होता! कारण आठ वर्षांपासून माझ्या डोक्यात एक प्रश्न होता आणि त्याचं उत्तर असं एका रकान्याच्या रूपात, निळ्या रेघा मारलेल्या रजिस्टरात, कुणीतरी कधीचंच आखून ठेवलेलं होतं.

प्रश्न बाबांचा होता. मी नववीत होते तेव्हाचा. आमचं गाव रिठद, तालुका रिसोड, जिल्हा वाशिम. खरिपात आमच्याकडे सोयाबीन म्हणजे सोयाबीनच, मधे तुरीचे तास. सोयाबीनचं फूल स्वतःच स्वतःचं परागीकरण करतं, त्यामुळे बी शुद्ध राहतं आणि दरवर्षी विकत घ्यावंच लागतं असं नाही. त्या वर्षी बाबांनी घरचं बी ठेवलं होतं. मे महिन्यात रीतसर गोणपाटावर शंभर दाणे मांडून, गुंडाळून, पाणी शिंपडून तपासलं. मोड भरभरून आले. पाऊस चांगला पडला, पेरणी झाली, आणि आठ-दहा दिवसांनी वावर बघितलं तर तासच्या तास रिकामे. बाबा धुऱ्यावर उभे होते. ते कुणावर चिडले नाहीत. नुसते म्हणाले, "गोणपाटात तं समदं उगवलं होतं. मंग वावरात काऊन नाई उगवलं?"

कुणी म्हणालं बी खोल पडलं. कुणी म्हणालं पावसाने वरचा थर आवळला. कुणी म्हणालं नशीब. दुबार पेरणी झाली, उधारीच्या बियाण्यावर. आणि 'काऊन' तसंच राहिलं. मला तेव्हा वाटायचं, 'काऊन' हा आभाळाकडे बघून म्हणायचा शब्द आहे. त्याला उत्तर नसतं.

आता मी अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात एम.एस्सी. करते आहे, बियाणं हा माझा विषय आहे, आणि मला सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटतं की 'काऊन' म्हणणं हे इथे काम आहे! त्याला खोली आहे, काचेची भांडी आहेत, वेळापत्रक आहे. सकाळी उठून, डबा घेऊन, माणसं 'काऊन' विचारायला जातात.

*

कृषी विद्यापीठ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला सहावीत असताना, कृषीकन्यांमुळे. शेवटच्या वर्षाला असलेल्या बी.एस्सी.च्या मुली ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी गावात येऊन राहतात, पेपरात त्यांचे फोटो येतात, 'कृषीकन्यांनी दिले बीजप्रक्रियेचे धडे' वगैरे. आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांनी एक दिवस मोकळ्या जागेत रांगोळीने गावाचा नकाशा काढला. म्हाताऱ्या माणसांना भोवती बसवलं आणि विचारत गेल्या. नाला कुठून येतो? पाणी कुठे साचतं? भारी जमीन कोणती, मुरमाड कोणती? आबा काठीने दाखवत होते, एक ताई निळी रांगोळी सोडत होती. बघता बघता आमच्या वावराशेजारचा नाला जमिनीवर निळा होऊन वाहायला लागला. मी तिथेच उकिडवी बसून राहिले. गावातल्या लोकांना जे माहीत आहे ते लिहून घेण्यासारखं असतं, ही कल्पनाच माझ्यासाठी नवी होती. शाळेत तर सगळं उलट्या बाजूने येत होतं, पुस्तकातून आमच्याकडे.

मग बारावी, प्रवेश परीक्षा, दुसऱ्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयात बी.एस्सी. ती चार वर्षं मी भराभर ओलांडते, कारण खरं सांगायचं तर ती पाठांतराची होती. अकोल्याला पोहोचले ते वाशिमहून एस.टी.ने. मालेगाव, मेडशीचं जंगल, पातूर, आणि मग सपाट काळी जमीन. पेटी मांडीवर आणि बाबा शेजारी. ते सबंध रस्ता खिडकीतून दुसऱ्यांची पिकं बघत होते.

विद्यापीठ स्थापन झालं २० ऑक्टोबर १९६९ रोजी. आदल्या वर्षी राहुरीचं झालं होतं, परभणी आणि दापोलीची १९७२ मध्ये झाली. ज्यांचं नाव या विद्यापीठाला आहे ते भाऊसाहेब अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे, एडिंबरा आणि ऑक्सफर्डला शिकून परत वऱ्हाडात आलेले आणि १९५२ ते १९६२ देशाचे कृषिमंत्री राहिलेले. हे सगळं परीक्षेसाठी पाठ केलेलं होतं. पण पाठ केलेलं कळतं कधी, तर शिवार फेरीच्या दिवशी! विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांतून शेतकरी येतात, टोप्या, रुमाल, पाण्याच्या बाटल्या, आणि विद्यापीठाच्या वावरातून धुऱ्याधुऱ्याने फिरतात. पिकं उभी असतात, प्रत्येकापुढे पाटी. आमच्यासारखे विद्यार्थी पाटीजवळ उभे. मला सुवर्ण सोयाच्या प्लॉटजवळ उभं केलं होतं. हा वाण विद्यापीठाचाच, अमरावतीच्या केंद्रावर तयार झालेला. एका आजोबांनी शेंगा हातात धरून, दाबून, वास घेऊन मला सात प्रश्न विचारले. मी मोजले. त्यातल्या तीनची उत्तरं मला आली. चार मी वहीत लिहून घेतले आणि संध्याकाळी गाइड मॅडमना दाखवले. त्या वाचत राहिल्या आणि म्हणाल्या, "यातला तिसरा प्रश्न थेसिस होऊ शकतो."

तिसरा प्रश्न हडंब्याचा, म्हणजे मळणी यंत्राचा, होता: "हडंबा हळू चालवला तं बी चांगलं राहते का, का हे नुसतं म्हणायचं?"

अभ्यासाचा विषय वरून येतो, मोठ्या पुस्तकातून येतो, अशी माझी समजूत होती. आणि इथे तो धुऱ्यावर उभ्या असलेल्या, नाव न सांगता पुढच्या प्लॉटकडे निघून गेलेल्या एका आजोबांकडून आला!

आमची एक सीनियर सध्या जर्मनीत शिकते. ती सांगत होती, तिकडे विद्यापीठांचाच एक वेगळा प्रकार आहे, उपयोजित विज्ञानाचा. १९६८ साली तिथल्या राज्यांनी एकत्र येऊन करार केला आणि त्यातून ही विद्यापीठं उभी राहिली. तिथे प्राध्यापक व्हायचं तर पदवीसोबत किमान पाच वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि त्यातली निदान तीन वर्षं विद्यापीठाच्या बाहेरची हवीत. मला हे इतकं आवडलं! आणि लगेच बियाण्याच्या खोलीतल्या ताई आठवल्या. त्या प्राध्यापक नाहीत, पण विकृत रोप ओळखायला मला त्यांनीच शिकवलं आणि आमच्या मॅडमसुद्धा शंका आली की गुंडाळी त्यांच्यापुढे धरतात. पिकाशी ज्याचा हात रोज लागतो त्याला इथे विचारलं जातं. मला विद्यापीठाची ही गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

*

आता लाल रंगाचं सांगते. ते सांगितल्याशिवाय माझ्याने राहवणार नाही.

आठ दिवस थांबायचं नसेल तर बी जिवंत आहे की नाही हे एका दिवसात बघता येतं. दाणे रात्रभर ओल्या कागदात ठेवायचे. सकाळी ते टेट्राझोलियम नावाच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायचे. द्रावण पाण्यासारखं, रंग नाही. अंधारात, पस्तीस-चाळीस अंश उबेत दोन-तीन तास ठेवायचं. मग काढून साल सोडवायची आणि दाणा उभा उघडायचा. दाण्यातल्या पेशी जिवंत असतील तर त्या श्वास घेत असतात, त्यांच्यातली विकरं त्या द्रावणावर काम करतात आणि जिथे जिथे जीव आहे तिथे तिथे लाल रंग उमटतो. मेलेला भाग पांढराच राहतो. रंग बाहेरून लावलेला नसतो, दाणा स्वतःच तयार करतो!

मी पहिला दाणा उघडला तेव्हा तो आतून गुलाबी लाल होता, सगळीकडे सारखा. दुसऱ्याच्या कडेला दुधासारखा पांढरा डाग. तिसऱ्यात एक पट्टा बाकीपेक्षा गडद, जवळजवळ काळपट लाल. मॅडम म्हणाल्या, "हा ठेचलेला भाग. जखम झालेल्या पेशी जास्त गडद होतात." सोयाबीनची साल अतिशय पातळ, आणि ज्यातून मूळ आणि खोड निघायचं तो अंकुराचा दांडा बरोबर त्या पातळ सालीखाली, दाण्याच्या कडेला, जवळजवळ उघडाच असतो. हरभरा किंवा गव्हाच्या प्रमाणित बियाण्याला ८५ टक्के उगवणीची अट आहे आणि सोयाबीनला ७० ची, हे मी पाठ केलं होतं. पण ते असं का, हे त्या गडद पट्ट्यात दिसलं. हडंब्याच्या ड्रमवरचा दांडा दाण्याच्या नेमका कुठे बसला ते उघड्या डोळ्यांनी दिसत होतं. वरून तो दाणा एकदम साबूत होता. चकचकीत, पिवळा, गोल.

रात्री मायला फोनवर हे सांगितलं. ती चुलीपुढे होती, मधेच फुंकणीचा आवाज. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे बीले मुका मार लागते." मी दोन मिनिटं गप्प! मुका मार. वरून काही नाही, आत रक्त साकळलेलं. सिनॉप्सिसमध्ये मी पाऊण पान खर्चून जे लिहिलं होतं ते तिने दोन शब्दांत सांगितलं. मॅडमना सांगितलं तर त्यांनी तो शब्द फळ्यावर लिहिला.

लाल रंगाची ही रीत शोधली गेओर्ग लाकोन नावाच्या शास्त्रज्ञाने, जर्मनीत होहेनहाइमला, १९४० च्या दशकात. बाहेर महायुद्ध चालू असताना कुणीतरी दाणे उघडून लाल रंग बघत होतं. त्याच्याही मागे जायचं तर जगातलं पहिलं बियाणं तपासणी केंद्र सॅक्सनीतल्या थारांटला फ्रीडरिख नोबे यांनी सुरू केलं. कशासाठी, तर बाजारातल्या बियाण्यात इतकी भेसळ आणि इतकं मेलेलं बी यायचं की शेतकरी हैराण होते. हे केंद्र वनशिक्षणाच्या एका अकादमीत होतं, म्हणजे तेही आमच्यासारखंच कामाचं शिक्षण देणारं ठिकाण. आणि साल? १८६९! आमच्या विद्यापीठाच्या बरोबर शंभर वर्षं आधी. मी हे वाचलं आणि ग्रंथालयात मोठ्याने 'अरे!' म्हणाले, लोकांनी वळून बघितलं. नोबेंकडे येणारा सॅक्सनीतला शेतकरी आणि माझे बाबा एकच प्रश्न घेऊन उभे होते.

बी जिवंत आहे एवढ्याने भागत नाही, त्यात दम किती उरलाय हेही बघावं लागतं. त्यासाठी दाणे ४१ अंश तापमानात, जवळपास शंभर टक्के दमट हवेत, ७२ तास कोंडून ठेवतात आणि मग उगवून बघतात. गोदामात महिन्यांनी जे होतं ते तीन दिवसांत करून घ्यायचं. तीन दिवसांत अख्खा साठवणीचा काळ! दमदार बी त्यातून निघूनही सरळ उगवतं. कमजोर बी तिथेच बसतं. मी डब्याचं झाकण उघडलं आणि वाफ चष्म्यावर आली. मला आमचं पत्र्याखालचं कोठार आठवलं, एप्रिलमध्ये पोत्यांना हात लावला तरी गरम लागतं ते.

*

आकडेशास्त्राची मला धास्ती होती. सगळ्यांनाच असते. पहिल्या तासाला सर आले आणि म्हणाले, समजा चार ट्रीटमेंट आहेत, कोणती कुठल्या प्लॉटमध्ये टाकायची? मी म्हणाले, चांगल्या जमिनीवर चांगली. ते हसले नाहीत. म्हणाले, मग पीक चांगलं आलं तर ते जमिनीमुळे की ट्रीटमेंटमुळे, हे तू कसं सांगशील? मग त्यांनी चिठ्ठ्या काढायला लावल्या. खऱ्या चिठ्ठ्या, वहीचं पान फाडून. कोण कुठे जाईल ते चिठ्ठी ठरवणार, मी नाही. आणि तेच सगळं पुन्हा, पुन्हा, पुन्हा. आर-वन, आर-टू, आर-थ्री, आर-फोर. एकदा झालं तर योगायोग असू शकतो, म्हणून चारदा विचारायचं. माझ्या मनातली आवड-नावड बाजूला राहावी म्हणून चिठ्ठी! रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेतीसंशोधन केंद्रावर गेले, आणि ही पद्धत तिथल्या गव्हाच्या, बटाट्याच्या वावरांमधून उभी राहिली. औषधांच्या चाचण्याही आज चिठ्ठीच्याच तत्त्वावर चालतात. वावरातून दवाखान्यात गेलेली गोष्ट आहे ही.

आणि मग ते पुस्तक. ग्रंथालयातले जुने थेसिस काढून बघा, कुठलाही विषय असो, शेवटी संदर्भांत एक ओळ हमखास असते: पानसे आणि सुखात्मे, १९५४. शेती संशोधकांसाठीच्या संख्याशास्त्राचं पुस्तक. देशभरातली कृषीची मुलं हेच पुस्तक उघडतात आणि लिहिणारी दोन्ही माणसं मराठी! पांडुरंग वासुदेव सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, जन्म १९११, लंडनला शिकले, पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत रोमला गेले. व्ही. जी. पानसे इंदूरला कापसावर काम केलेले. पण मला उडवलं ते पुढच्या वाक्याने. पीक कापणी प्रयोग या दोघांनी रुजवले!

पीक कापणी मी पाहिली आहे. रिठदला, आमच्या शेजारच्या वावरात. साहेब आले होते, हातात कागद, टेप, दोरी, चार खुंट्या. कागदावरच्या आकड्यावरून त्यांनी इतक्या पावलांवर जाऊन पहिली खुंटी ठोकली, दोरीने चौकोन केला आणि तेवढंच पीक कापून, झोडून, तोललं. आम्हा पोरांना वाटलं, हा काय खेळ! मधल्या चांगल्या पिकात का नाही गेले? लोक कुरकुरत होते. त्या चौकोनावरून गावाचं उत्पादन ठरतं, आणि पीक विम्याच्या वेळी सगळ्यांच्या तोंडी तोच चौकोन असतो. आता कळलं की ते आकडे म्हणजे चिठ्ठीच होती. चांगली जागा कुणी निवडू नये, वाईटही निवडू नये, म्हणून. सुखात्म्यांनी १९४० च्या दशकात घातलेली दोरी आमच्या शेजारच्या धुऱ्यापर्यंत येऊन पोहोचली होती आणि मी तिच्यावरून उड्या मारत होते!

*

दिवाळीला घरी गेले तेव्हा वावरात सुड्या लागलेल्या होत्या आणि हडंब्याची वाट बघणं चालू होतं. माझ्या पिशवीत तीन गोष्टी होत्या. लेबल लावलेल्या कापडी पिशव्या, कृषी अभियांत्रिकीच्या एका मैत्रिणीकडून मागून आणलेला टॅकोमीटर, आणि दुकानातून घेतलेली ब्लीचची बाटली.

ब्लीच कशाला, असं माय विचारत होती. मी परातीत पातळ द्रावण केलं आणि त्यात गेल्या वर्षीच्या बियाण्याचे शंभर दाणे टाकले. बाबा खाटेवर, आबा खुर्चीत, शेजारचे दोघं दारात. सगळ्यांना चहा झाला आणि तेवढ्यात परातीत बदल दिसायला लागला. काही दाणे होते तसेच. काही मात्र फुगून दुप्पट झाले, साल सुटून सुरकुतली. सालीला केसाएवढी चीर असेल तरी पाणी आत शिरतं आणि दाणा फुगतो, साबूत दाणा दहा-पंधरा मिनिटं तसाच राहतो. एवढीच युक्ती. बाबा उठून आले. फुगलेला एक दाणा उचलून दोन बोटांत धरला, उन्हाकडे नेला, मग न फुगलेला एक दाणा उचलला. पुन्हा पहिला. बराच वेळ बोलले नाहीत. मग आबांना म्हणाले, "पायजा, वरून काई समजत नोतं." (ते दाणे नंतर माय कोंबड्यांना टाकायला निघाली होती, धावत जाऊन पुरायला लावले.)

दुसऱ्या दिवशी हडंबा आला. बियाण्याच्या सोयाबीनसाठी ड्रम मिनिटाला साडेतीनशे ते चारशे फेऱ्यांपलीकडे नेऊ नये आणि दाणा फार खडखडीत वाळायच्या आत, तेरा-चौदा टक्के ओल असतानाच मळणी करावी, असं शिफारशीत आहे. हडंबावाल्या काकांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोरी, मी पोत्यामागं पैसे घेतो. हळू चालवलं तं दिवसाकाठी माये किती पोते होतीन?" याचं उत्तर माझ्याकडच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. शिफारस कागदावर राहते ती अशा ठिकाणी. मी ते वहीत लिहिलं, कारण तेही निरीक्षणच आहे. शेवटी बाबांनी तोडगा काढला. सगळं नाही, फक्त बियाण्यापुरती एक सुडी हळू काढायची, त्या पोत्यांना दर जास्त. काकांनी पुली बदलली. मी ड्रमच्या पुलीवर चमकती पट्टी चिकटवली, टॅकोमीटर रोखला आणि आकडा सांगितला. काकांचा विश्वास बसेना. त्यांनी यंत्र माझ्या हातातून घेऊन स्वतः रोखलं. मग पुन्हा. मग ट्रॅक्टरचा, मग कुणाच्या तरी मोटारसायकलच्या चाकाचा. दिवसभर ते यंत्र त्यांच्याच हातात होतं!

एकाच वावराचं सोयाबीन, तीन प्रकारे काढलेलं. काही ताडपत्रीवर काठीने बडवून, काही हळू, काही नेहमीच्या वेगाने. प्रत्येकाच्या चार पिशव्या. बाबांनी पिशव्या उचलून बंडीत ठेवताना लेबल वाचलं आणि विचारलं, "हे आर म्हंजे काय?" मी सांगितलं, एकदा विचारून भागत नाही, चारदा विचारायचं. ते म्हणाले, "बरोबर हाये. तालुक्याच्या हापिसातबी चारदा जाच लागते." मी हसले, पण ते हसत नव्हते. चार वेळा विचारल्यावरच खरं कळतं, हे त्यांना पटलेलं होतं.

त्या पिशव्या आता अकोल्यात, लोखंडी मांडणीवर आहेत. दर महिन्याला मी त्यांतून दाणे काढते. प्रत्येक पद्धतीचे चारशे, शंभराचे चार गट. काही कागदात, काही लाल द्रावणात, काही ४१ अंशांच्या डब्यात. निष्कर्ष यायला वेळ आहे. पण तो आला तर कुठे जातो हे मला आता माहीत आहे. विभागात मांडायचा, मग विद्यापीठाच्या समितीत, मग चारही कृषी विद्यापीठांची जी संयुक्त बैठक भरते, जिला सगळे 'जॉइंट अ‍ॅग्रेस्को' म्हणतात, तिथे. वाण, अवजारं, शिफारशी तिथे मांडल्या जातात, उलटसुलट प्रश्न होतात आणि मग शिफारस शेतकऱ्यापर्यंत येते, कृषी विज्ञान केंद्रातून, म्हणजे आमच्या तालुक्यात करड्याच्या केंद्रातून. करडा ते रिठद काही लांब नाही. आमच्या गल्लीतल्या बचत गटाच्या बाया तूर भरडायला ज्या पीकेव्ही मिनी दाल मिलचं नाव घेतात, तीही याच विद्यापीठात तयार झाली. नावातच विद्यापीठ आहे, आणि मी इतकी वर्षं ते नाव ऐकत होते, कधी फोड करून पाहिलं नव्हतं. पीकेव्ही! पंजाबराव कृषी विद्यापीठ!

काल रात्री साडेनऊला बाबांचा फोन आला. मे महिना आहे, बियाणं तपासायचे दिवस. उगवण सत्तर टक्के असेल तर एकरी तीस किलो पेरायचं, त्याखाली प्रत्येक टक्क्याला अर्धा किलो वाढवायचं, हा हिशेब त्यांना तोंडपाठ आहे. या वेळी त्यांनी हळू काढलेल्या पोत्यांतून दाणे घेतले होते, आणि गोणपाट एक नाही, चार गुंडाळले होते. खडूने नंबर टाकून.

"पयल्यात ब्याऐंशी," ते म्हणाले. आवाजात खुशी होती.

मी विचारलं, "बाबा, उगवलेले ब्याऐंशी, का झाड होणारे?"

पलीकडे काहीच आवाज नाही. मग, "थांब."

फोन खाटेवर ठेवल्याचा आवाज आला. बॅटरी कुठाय म्हणून त्यांनी मायला विचारलं. माय काहीतरी पुटपुटली, बॅटरीचं बटण वाजलं, ओलं गोणपाट पुन्हा उलगडल्याचा आवाज आला. आणि मग लांबून, हळूहळू, पहिल्यापासून:

"एक... दोन... हे नाई... तीन..."